मोठ्या पडद्याचा टीव्ही : पन्हा पाहून सौदा करा

घरात लग्नकार्य निघाले किंवा कपाशीचे पैसे हाती आले की भडगावसारख्या तालुक्याच्या गावी मोठ्या टीव्हीचा विषय निघतोच. अशा वेळी कोणी जुना ‘रिअर प्रोजेक्शन’ संच स्वस्तात पुढे केला तर तो घ्यावा काय? आम्ही कापडाचे व्यापारी. आमचे म्हणणे एवढेच की भाव विचारण्याआधी माल ओळखावा.

या संचात पडद्यामागे लाल, हिरवी व निळी अशा 3 लहान नळ्या असतात. त्यांचे चित्र भिंगातून आरशावर व तेथून पडद्याच्या पाठीवर पडते. पुढे नळ्यांच्या जागी प्रखर दिवा व चिप आली. काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही 40 इंचांपुढे फारसा जात नसे, त्या काळात 50-60 इंचांचे चित्र याच पद्धतीने परवडे. पुढे पातळ टीव्ही स्वस्त झाले. सोनीने 2007 च्या अखेरीस हा माल बंद करण्याचे जाहीर केले, मित्सुबिशीने 2012 मध्ये.

माल बंद झाला की सुटे भाग दुर्मिळ होतात. दिव्याचे आयुष्य काही हजार तासांचे. नळ्यांच्या संचात तिन्ही रंग जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर अक्षरांना रंगीत कडा दिसतात. नळ्यांपुढचे थंडाव्याचे द्रव गढूळ झाले की चित्र धुरकट होते. धूळ आरशावरही बसते. शिवाय अशा पडद्याचा उजेड समोर बसणाऱ्यालाच पुरा मिळतो. आपल्या घरी निम्मी मंडळी सतरंजीवर, निम्मी खुर्चीवर बसते. खाली बसलेल्यांना चित्र अंधुक दिसते. नळ्यांचा मोठा संच सुमारे 2 फूट जागा अडवतो, ते वेगळेच. तेव्हा फुकट मिळाला तरी हा सौदा महागच.

नवा टीव्ही घेताना आधी खोली मोजावी. इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप आहे, पन्हा नव्हे. 55 इंचांचा टीव्ही रुंदीला सुमारे 4 फूट भरतो व 7 फुटांवरून चांगला दिसतो. 10 बाय 12 च्या खोलीत त्याहून मोठा घेण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक लुगड्याचा रंग दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहते. तसेच दुकानातील झगमगाटावर जाऊ नये. आपल्या खिडकीचा उजेड पडद्यावर येईल काय, ते पाहावे.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरील टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल घ्यावे. मात्र घरच्या टीव्हीचा कर दुकानाच्या हिशेबात वजा मिळत नाही, हे व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी एकच प्रश्न दुकानदाराला विचारावा : बिघाड झाला तर मिस्त्री भडगावला येईल, की टीव्ही जळगावला न्यावा लागेल? उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे दुकान पाहावे.