सौंसरचा काळा दगड आणि चुंबकाची नोकरी

सौंसर तहसिलीत गोवारी वाढोण्याच्या खाणीतला काळा, जड दगड आपल्याकडच्या पोरांनी हाताळलेला असतो. हे मँगनीज. इथल्या खडकांना भूगर्भशास्त्रात ‘सौसर’ हेच नाव आहे. शुद्ध मँगनीज लोहचुंबकाला चिकटत नाही. तरीही संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती वाचणाऱ्या भागात इरिडियम व मँगनीजचा अतिपातळ थर असतो. शेजारच्या थराची चुंबकीय दिशा तो पक्की धरून ठेवतो.

कन्नड घरांत ज्याला ‘अयस्कांत’ म्हणतात, ते आपले लोहचुंबक. इलेक्ट्रॉनला विद्युतभार असतो, तसाच ‘स्पिन’ हा गुणही असतो. त्यामुळे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. या गुणाचा उपयोग करणारे शास्त्र म्हणजे स्पिंट्रॉनिक्स. १९८८ साली लागलेल्या एका शोधाने त्याला वेग आला. त्या शोधाबद्दल आल्बेर फेर व पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे नोबेल मिळाले.

मग यात नोकरी कुठे? आपल्या राज्यात इंदूरला यूजीसी-डीएई संस्थेत चुंबकत्वावर काम चालते. विद्यापीठांचे विद्यार्थी आपले नमुने घेऊन तिथे जातात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, बेंगळूरला भारतीय विज्ञान संस्था आणि जक्कूरचे जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. सी. एन. आर. राव यांनी मँगनीजच्याच संयुगांवर बेंगळुरात मोठे काम केले. घरात कन्नड बोलणाऱ्या मुलांना ते शहर परके वाटायचे नाही.

वाट अशी : भौतिकशास्त्रात एम.एस्सी., मग सीएसआयआर-नेट, गेट किंवा जेस्ट परीक्षा, त्यानंतर मुलाखत. बारावीनंतर थेट आयसरमध्ये जायचे, तर तिथली प्रवेश परीक्षा वेगळी असते. प्रकल्पातल्या जागांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळावर वर्षभर निघतात. पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

आता पालकांशी दोन शब्द. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोशिप महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये झाली. वसतिगृह नसेल तर घरभाडे वेगळे. पण ही कायमची नोकरी नव्हे. पीएच.डी.ला पाच वर्षे लागतात, पुढेही कायम जागा थोड्याच असतात. प्रकल्पाची जागा प्रकल्पाबरोबरच संपते. हे आधीच कळलेले बरे, म्हणजे मधल्या वर्षी घरात वाद होत नाहीत. निर्वात पंप, अतिथंड तापमानाची यंत्रे आणि संगणक हाताळायची सवय मात्र उद्योगातही उपयोगी पडते.

मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत शिकणार म्हटले की आपल्याकडे भुवया उंचावतात. ती शिकते तशी कमावतेही, एवढे आजी-आजोबांना समजावून सांगा. फेलोशिपचे पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. आपल्या मातीतला दगड बाहेरचे शास्त्रज्ञ शतकभर अभ्यासत आले. त्यांच्या रांगेत इथली एखादी पोर उभी राहायला आता हरकत कसली?