गळ्यातली नळी सांभाळताना

डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास आमच्याजवळ असतो. बाकी सगळा वेळ तो घरी, आणि गळ्यातलं कॅथेटरही त्याच्याबरोबर घरीच. डायलिसिस विभागात सिस्टर म्हणून काम करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे: त्या नळीची खरी राखण बायको, सून किंवा मुलगा करतो. त्यांना नीट शिकवणं हे मशीन लावण्याइतकंच मोठं काम आहे.

शिकवायचं साहित्य मात्र बरेचदा त्यांच्यासाठी लिहिलेलंच नसतं. गुळगुळीत कागदाची पुस्तिका, पहिली पाच पानं मूत्रपिंडाच्या रचनेची. घरच्या बाईला हवं असतं ते एवढंच, की आज रात्री यांना अंघोळ कशी घालू? म्हणून आम्ही मोठ्या अक्षरांचा एकच कागद केला. न्हाणीघराच्या दाराला चिकटवता येईल असा.

त्यात सगळ्यात वर एक चित्र आहे. गळ्याजवळ दिसतात ती नळीची दोन तोंडं. लाल तोंडातून रक्त मशीनकडे जातं, निळ्यातून परत येतं. आतलं टोक मात्र थेट हृदयाजवळ असतं. हे चित्र पाहिलं की लोक गप्प होतात. ड्रेसिंग ओलं झालं तर त्वचेवरचे जंतू नळीच्या कडेने रक्तात शिरू शकतात, हे मग वेगळं पटवावं लागत नाही. कारण कळलेला नियम माणूस पाळतो. नुसती ताकीद चार दिवसांत विसरतो.

अंघोळ म्हणजे कमरेखाली पाणी आणि वर ओल्या फडक्याने पुसणं. डोकं धुवायचं तर मागे झुकवून, दुसऱ्याच्या हातून, ड्रेसिंगवर थेंब न पडता. आमच्याकडे आषाढी जवळ आली की वारकरी पेशंट हमखास विचारतात, "सिस्टर, चंद्रभागेत एक डुबकी चालेल का?" नाही चालत, माउली. काठावर पाय धुवा, हात जोडा. गळ्याला नदीचं पाणी नको. हा प्रश्न कुठल्या छापील पुस्तिकेत नसतो, पण आमच्या कागदावर आहे. मंगळसूत्र ड्रेसिंगवर घासतं, तेही आहे. ते सासूबाईंच्या समोरच समजावून सांगावं लागतं, नाहीतर सून संकोचाने बोलत नाही. जखमेवर हळद, पावडर, मलम काही नको. ड्रेसिंग डायलिसिसच्या वेळी आम्हीच बदलतो, आणि त्या वेळी पेशंटनेही मास्क लावायचा. गावच्या दवाखान्यात सलाईन लावायला किंवा रक्त काढायला या नळीला हात लावू द्यायचा नाही.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी लाल चौकटीत आहेत. कॅप निघाली तर आधी क्लॅम्प बंद आहे का पाहा, कारण उघड्या नळीतून हवा आत जाऊ शकते. मग लगेच दवाखाना. नळीच बाहेर निसटली तर पेशंटला आडवं करा, स्वच्छ कापडाने ती जागा घट्ट दाबून धरा आणि वाटेतही हात काढू नका. थंडी वाजून ताप आला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. नळीतल्या जंतुसंसर्गाचं ते पहिलं लक्षण असू शकतं.

कागद हातात दिला म्हणजे काम संपत नाही. "आता तुम्ही मला सांगा, नळी निसटली तर काय कराल?" असं मी विचारते. कुठे अडखळतात ते तिथेच कळतं. वाचता न येणाऱ्या मावश्या चित्रांवर बोट ठेवून अचूक सांगतात.

शेवटच्या ओळीत फिस्टुला आहे. हातातली रोहिणी आणि शीर जोडण्याची ही शस्त्रक्रिया 1966 पासून जगाला माहीत आहे, आणि ज्यांना ती करता येते त्यांच्यासाठी ती कॅथेटरपेक्षा सुरक्षित. ती तयार व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून ज्या हाताला फिस्टुला व्हायचा आहे, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, त्यावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका.

तुमच्या घरात कुणाच्या गळ्यात ही नळी असेल, तर पुढच्या डायलिसिसला दोन गोष्टी मागून घ्या: रात्री-अपरात्री लागणारा फोन नंबर आणि फिस्टुलाची तारीख.