पेढीची मांडणी आणि संगणकाची स्मृती

दर महिन्याची २० तारीख जवळ आली, की कर्जत, नेरळ, चौक, खोपोली येथील पेढ्यांवर लगबग वाढते. जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरावयाचे असते. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडलेले असते; शेजारी ई-वे बिलाचे संकेतस्थळ, बँकेचे खाते आणि पुरवठादारांची बिले असतात. नेमक्या त्याच घटकेस संगणक अडखळू लागला, तर दुरुस्तीस आलेला माणूस पडद्यावरील आकडा दाखवून बहुधा एवढेच सांगतो, "शेठ, मेमरी भरली आहे. मशीन बदला." या एका वाक्यावर विनाकारण बराच पैसा खर्ची पडू शकतो. कारण स्मृती भरलेली असणे हा मुळात दोषच नव्हे. ती कशाने भरली आहे, हा खरा प्रश्न आहे.

संगणकात माहिती दोन जागी राहते. एक रॅम, म्हणजे दुकानाच्या दर्शनी फळ्या; दुसरी डिस्क, म्हणजे मागचे गोदाम. फळीवरचा माल हात लांबवताच मिळतो, मात्र जागा थोडी आणि वीज जाताच ती रिकामी होते. गोदाम मोठे आणि टिकाऊ, पण दूर. हे अंतर किती, ते पाहण्यासारखे आहे. रॅममधून एक वस्तू काढण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर त्याच प्रमाणात आजच्या एसएसडीतून ती आणण्यास पंधरा-वीस मिनिटे आणि जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून आणण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागेल.

म्हणूनच विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइड यांसारखी संचालन प्रणाली जाणत्या मुनिमासारखी वागते. गोदामातून एकदा आणलेला माल ती काम होताच परत पाठवीत नाही. फळीवर जागा आहे तोवर तेथेच राहू देते. गिऱ्हाईक पुन्हा तेच मागणार, हा तिचा अनुभव असतो. या राखून ठेवलेल्या मालास 'कॅश' म्हणतात. उच्चार रोकडीसारखा असला तरी हा शब्द निराळा. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला आहे. सकाळी हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडण्यास वेळ लागतो आणि दुपारी तेच झटकन उघडते, ते यामुळेच. रिकामी रॅम म्हणजे तिजोरीत पडून राहिलेली, व्याज न मिळवणारी रक्कम. कॅशमध्ये गुंतलेली रॅम मात्र मागताक्षणी परत मिळणाऱ्या ठेवीसारखी असते. ती कामीही येते आणि गरज पडताच मोकळीही होते.

हे मोकळे होणे सर्व मालास सारखे लागू नाही. फळीवर तीन प्रकारचा माल असतो. पहिला, ज्याची तंतोतंत प्रत गोदामात आहे असा. तो केव्हाही टाकून दिला तरी नुकसान नाही. दुसरा, फळीवर आणल्यानंतर ज्यात बदल झाला पण गोदामातील प्रत अद्याप जुनीच आहे असा. तो आधी गोदामात नोंदवूनच हलवता येतो. तिसरा, चालू असलेल्या कामाचा पसारा. अर्धवट लिहिलेल्या बिलासारखा. त्याची प्रत कोठेच नसते. जागा अपुरी पडली, की प्रणाली या तिसऱ्या प्रकारातील बराच वेळ हात न लागलेले भाग बांधून गोदामाच्या एका राखीव कोपऱ्यात ठेवते आणि लागतील तेव्हा परत आणते. यालाच 'स्वॅपिंग' म्हणतात. तो कोपरा विंडोजमध्ये 'पेज फाइल', तर लिनक्समध्ये 'स्वॅप' या नावाने ओळखला जातो.

ही युक्ती टंचाईतून जन्मली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृती ४० बिटांच्या अवघ्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने सुमारे १० किलोबाइट. १९६२ साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात 'अ‍ॅटलस' हा संगणक सुरू झाला. त्याने लहान, वेगवान स्मृती आणि मोठे, संथ फिरते ढोल यांची अशी सांगड घातली, की कार्यक्रम लिहिणाऱ्यास ती सलग, एकच स्मृती वाटावी. माहितीचे ठरावीक आकाराचे भाग पाडून त्यांची ने-आण संगणकानेच करावी, ही त्याची रीत आजही आपल्या टेबलावरील यंत्रात चालू आहे.

मात्र या सोयीस मर्यादा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात. घाटमाथ्यावर ती सोडली जातात. त्यांच्या भरवशावर पुण्यापर्यंतची गाडी कोणी आखत नाही. स्वॅपचेही तसेच आहे. ते घाटापुरते. चालू कामांना नित्य लागणारा ऐवज एकत्रितपणे रॅमहून मोठा झाला, की मुनीम एक वस्तू आत ठेवतो तोच तिची मागणी येते. ती आणण्यासाठी दुसरी आत जाते आणि लगेच दुसरीही मागितली जाते. सारा वेळ ये-जा करण्यात जातो, विक्री शून्य. या अवस्थेस 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६८ साली तिची कारणमीमांसा मांडली आणि प्रत्येक कामास त्या त्या वेळी प्रत्यक्ष लागणारा संच फळीवर मावलाच पाहिजे, हे तत्त्व दिले.

आता दुसऱ्या प्रकारच्या मालाकडे वळू. व्यापाऱ्याची खरी जोखीम तेथे आहे. बदललेली माहिती प्रणाली तत्काळ डिस्कवर उतरवतेच असे नाही. थोडी साचू देऊन ती एकदम लिहिते. लिनक्सच्या मूळ मांडणीत हा विलंब ३० सेकंदांपर्यंत असू शकतो. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत आषाढातील पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. त्या क्षणी जे फळीवरच राहिले, ते गेले. यावर उपाय म्हणून प्रणालींनी आपल्या परिचयाचीच पद्धत स्वीकारली आहे: आधी रोजमेळ, मग खतावणी. होऊ घातलेला बदल प्रथम एका नोंदवहीत लिहावयाचा, नंतर मूळ जागी चढवावयाचा. वीज मध्येच गेली तर परत येताच नोंदवही पाहून मेळ बसवला जातो. इंग्रजीत या व्यवस्थेस 'जर्नल' हाच जमाखर्चातील शब्द आहे. परंतु अशी नोंदवही बहुधा डिस्कवरील मांडणी वाचवते. शेवटच्या क्षणी लिहिलेल्या प्रत्येक अक्षराची हमी देत नाही.

यातून पेढीपुरते काही नियम निघतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या, की विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील मेमरीच्या पानावर 'अव्हेलेबल' हा आकडा पाहावा. गरज पडताच मोकळी होणारी कॅश त्यात धरलेली असते. नेहमीचे काम चालू असताना तो पुरेसा राहत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. तो अगदी तळाला जाऊन डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. तेव्हाही प्रथम अनावश्यक पाने बंद करावीत, मग रॅम वाढवावी, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. संपूर्ण यंत्र बदलण्याचा विचार त्यानंतर. मेमरी 'साफ' करणारी सॉफ्टवेअरे घेऊ नयेत. फळीवरचा उपयुक्त माल ती गोदामात ढकलतात आणि पुढचे काम उलट मंदावते. मोबाइलवरील सारी अ‍ॅप्स वारंवार पुसून टाकण्याची सवयही अशीच निरुपयोगी. डेस्कटॉपला मात्र काही मिनिटे तग धरणारा यूपीएस जरूर असावा, पेन ड्राइव्ह 'सुरक्षितपणे काढा' ही सूचना दिल्याविना ओढू नये आणि दिवसाच्या हिशेबाची एक प्रत पेढीबाहेर ठेवावी.

दिवाळीस वहीपूजन करणाऱ्या घरांत आता वहीशेजारी संगणकही मांडला जातो. वहीत काय लिहिले आणि काय लिहावयाचे राहिले, हे पेढीवरील प्रत्येकास ठाऊक असे. संगणकाबाबतही तेवढीच माहिती असली, तर नव्या यंत्राचा खर्च कधी टळेल आणि पावसाळी संध्याकाळी दिवसभराची बिले पुन्हा लिहिण्याची वेळ सहसा येणार नाही.