काचकागदाच्या पाठीमागची फळी

लाकडाला आकार देणारी हत्यारे म्हटली की करवत, पटाशी, रंधा ही धारदार मंडळी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. सुतार ज्याला पॉलिशपेपर म्हणतात, त्या काचकागदाला या पंगतीत सहसा कोणी बसवीत नाही. त्याने शेवटी यावे, वस्तू गुळगुळीत करावी आणि निघून जावे, एवढेच त्याचे काम अशी आपली समजूत असते. विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ही समजूत महागात पडते. कारण त्याचे लाकूड बाल्साचे असते आणि बाल्साच्या कामात काचकागद हेच आकार देणारे मुख्य हत्यार ठरते.

बाल्साचे मूळ घर मध्य व दक्षिण अमेरिकेतील उष्ण जंगले. नात्याने तो आपल्या काटेसावरीचा भाऊबंद. एक घनमीटर सागाचे वजन साधारण 650 किलो भरते, तर प्रतिकृतींसाठी निवडलेल्या बाल्साचे 100 ते 200 किलो. वजनाच्या मानाने त्याची ताठरता मोठी. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मॉस्किटो विमानाच्या धडात बर्च लाकडाच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरला गेला, आणि आज पवनचक्क्यांच्या पात्यांतही तो वापरतात. पण हे लाकूड इतके मऊ असते की नख दाबले तरी त्यात खळगा पडावा. या मऊपणातच आजच्या विषयाचे मर्म आहे.

1950 साली राष्ट्रीय छात्रसेनेची वायुशाखा सुरू झाली, आणि तिच्या शिक्षणात विमानांच्या प्रतिकृतींनाही स्थान मिळाले. आमच्या रायपुरात या शाखेच्या छात्रांची विमाने पाहूनच माझ्या मुलाला हा नाद लागला. त्याने 3 मिलिमीटर जाडीच्या बाल्साच्या फळीतून ग्लायडरचे पंख कापले आणि काचकागद बोटांत धरून चार संध्याकाळी ते घासले. पंख रेशमासारखे मऊ झाले. मीही हात फिरवून शाबासकी दिली. मैदानावर पहिल्याच जोरकस फेकीत ग्लायडर डावीकडे कलंडला आणि नाक खाली करून जमिनीवर आदळला. तुटलेला पंख मोजून पाहिला, तेव्हा मधल्या भागात त्याची जाडी 2 मिलिमीटरच उरली होती. फळीची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे जाडी दोन तृतीयांश उरली, तरी ताठरता सत्तावीसांत आठच भाग, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, उरली होती. वेगाच्या वाऱ्यात तो डावा पंख पिळवटला, यात नवल ते काय!

चूक कागदाची नव्हती, त्यामागच्या बोटांची होती. कागद फक्त घासतो. कोठे घासायचे आणि कोठे थांबायचे, हे त्याच्या पाठीमागची वस्तू ठरवते. बोट मऊ असते. ते खळग्यात उतरते आणि खळगा आणखी खोल करते. गोंदाच्या जोडावर तर हे फारच जाणवते. झटपट चिकटणारा गोंद वाळल्यावर बाल्सापेक्षा कितीतरी कठीण होतो; बोटाने घासले की जोड उंचवट्यासारखा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे लाकूड झिजते. ताठ, सपाट फळी मात्र उंचवट्यावरच टेकते, म्हणून आधी उंचवटाच उतरतो. तेव्हा हत्यार निवडताना प्रथम पाठ पाहावी, मग कागद.

संग्रहात पहिली हवी ती सुमारे 30 सेंटिमीटर लांब आणि 5 सेंटिमीटर रुंद अशी सरळ पट्टी. पंखाच्या तीन-चार फासळ्यांवर ती एकाच वेळी टेकली, तर त्या एका पातळीत येतात. यासाठी महाग वस्तू नको. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे चौकोनी नळीचे तुकडे उरतात. त्यातला एक जाड काचेवर ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहावे. दिसला तर दुसरा निवडावा. कागद दुतर्फी चिकटपट्टीने सुरकुती न पडता बसवावा. कडेला सुटलेला कागद लाकडाच्या कडा गोल करतो. दुसरी हवी ती काडेपेटीएवढी ठोकळी, कोपऱ्यांसाठी. तिसरी, कागद गुंडाळलेली पेन्सिल, गोल खाचांसाठी. पंखाची पुढची कड गोल करायची असते. तेथे मात्र लवचीकपणा हवा, म्हणून कापडी पाठीच्या काचकागदाची अरुंद पट्टी बूट पुसतात तशी दोन्ही हातांनी फिरवावी.

कागदाचा आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. ओबडधोबड आकारासाठी 80 ते 120, सांधे सपाट करण्यासाठी 180 ते 240 आणि अखेरच्या हातासाठी 320 ते 400, एवढे पुरते. जास्तीचे लाकूड काढण्याचे काम मात्र चाकू किंवा लहान रंध्याकडेच ठेवावे. झिजलेला कागद टाकून देण्यास अनेकजण कचरतात. पण कण बोथट झाले की हात नकळत जोर लावतो, आणि जोराने बाल्सा घासण्याऐवजी दबतो. कागदात अडकलेला भुसा जुन्या टूथब्रशने झटकावा. घासताना नाकावर मुखपट्टी असावी, कारण ही धूळ फार हलकी असून बराच वेळ हवेत तरंगते.

दर पंधरा-वीस हातांनंतर थांबावे, पंख दिव्यासमोर धरावा आणि दोन्ही पंखांची जाडी त्याच त्या ठिकाणी मोजावी. गुळगुळीतपणा बोटांना कळतो, पातळपणा कळत नाही. मुलाने दुसरा ग्लायडर या पद्धतीने केला. त्याचे पंख पहिल्याइतके रेशमी झाले नाहीत. पण तो मैदानाच्या पलीकडच्या कडेपर्यंत सरळ गेला आणि गवतावर अलगद टेकला.