नारळ हलवून घेतो, मग हार्ड डिस्क?

२६ जुलै २००५ चा पाऊस कल्याण-डोंबिवलीतल्या बायका अजून विसरलेल्या नाहीत. उल्हास नदीचं पाणी सखल भागातल्या घरांत शिरलं. गाद्या भिजल्या, धान्य गेलं, फ्रिज गेला. ते सगळं पुढे पुन्हा घेता आलं. पण पाण्यात गेलेले लग्नाचे अल्बम कुठून आणणार? त्या दिवसाबद्दल बोलताना फ्रिजपेक्षा अल्बमची हळहळ करणाऱ्याच जास्त भेटतात.

आता अल्बमची जागा हार्ड डिस्कने घेतली आहे. आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलांच्या बारशापासूनचे सगळे फोटो आणि सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग एकत्र ठेवायचं ठरवलं. मुलाने स्टेशनजवळच्या एका दुकानातून एक टीबीची वापरलेली डिस्क आणली, नव्याच्या निम्म्या किमतीत. वहिनी ती घेऊन माझ्याकडे आल्या. "ताई, तुम्ही ऑफिसात हेच बघता ना? टिकेल का हो ही?"

मैत्रिणींनो, आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, नारळ कानाशी हलवून घेतो. डिस्कचंही तसंच, फक्त ती हलवायची नाही! आत काचेसारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावर अगदी केसापेक्षाही कमी अंतरावरून वाचणारी सुई तरंगते. धक्का लागला की चरा पडलाच. म्हणून आधी लेबल बघायचं: बनल्याची तारीख काय, कोपऱ्यात चेपल्याची खूण आहे का. मग डिस्क कॉम्प्युटरला जोडून कान द्यायचा. हलकी घरघर चालते, पण एका लयीत टक-टक येत असेल तर दुकानदाराला नमस्कार करायचा.

खरी परीक्षा पुढची. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर ती दाखवतं. त्यात तीनच गोष्टी बघायच्या. 'पॉवर ऑन अवर्स' म्हणजे डिस्क किती तास चालली. वर्षाचे तास ८७६०. दिवसरात्र चालणाऱ्या सीसीटीव्हीतून काढलेली डिस्क असेल तर हा आकडा चटकन वाढलेला दिसतो. 'रीअॅलोकेटेड सेक्टर्स' म्हणजे खराब झालेल्या जागी डिस्कने स्वतःच केलेलं रफू. आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' म्हणजे वाचता न आलेली, अजून रफू न झालेली भोकं. शेवटचे दोन आकडे शून्य हवेत.

वहिनींच्या डिस्कचे तास निघाले एकतीस हजार, म्हणजे सलग साडेतीन वर्षं. रफू शून्य, पण पेंडिंग आठ. मुलगा म्हणाला, "मावशी, आठच तर आहेत, एवढ्या मोठ्या डिस्कमध्ये!" मी तिला पूर्ण फॉरमॅट लावला. 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढली की विंडोज सगळी डिस्क कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लिहून तपासते. त्याला काही तास लागतात, आणि आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून हे फोटो भरायच्या आधीच करायचं. सकाळी पेंडिंग शून्य झालं होतं, रफू मात्र आठ! मुलाला ते बरं झाल्यासारखं वाटलं. पण साडी एकदा विरायला लागली की रफूच्या शेजारीच फाटते.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडली की पुढच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडायची शक्यता ३९ पटींनी वाढत होती. त्यातलीच दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी या मुख्य आकड्यांत काहीच इशारा दिला नव्हता. म्हणजे आकडा वाईट असेल तर डिस्क नाकारायची, पण चांगला आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

शिवाय आकडा पुसताही येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत उघडकीला आलं की नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या कितीतरी डिस्क हजारो तास वापरलेल्या होत्या. विक्रीच्या साखळीत कुणीतरी स्मार्टची नोंद शून्य केली होती. तेव्हा लेबलवर पाच वर्षांपूर्वीची तारीख आणि तास मात्र दहा, असं दिसलं तर भुवई उंचवायची.

मुलाने घेतानाच बदलून द्यायचं कबूल करून घेतलं होतं, म्हणून डिस्क परत गेली. दुसरी आली ती चार हजार तासांची, फॉरमॅटनंतरही दोन्ही आकडे शून्य. "मग आता भरू ना सगळं?" वहिनी म्हणाल्या. भरा, पण मोबाइलमधले फोटो लगेच पुसू नका. जुनी डिस्क दुसरी प्रत म्हणून चांगली, एकुलती एक म्हणून नाही. जाणकार सांगतात, तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. त्या जुलैतलं पाणी आठवा: एकाच कपाटातल्या तीन प्रती एकदमच भिजतात.

घराबाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न वहिनींना पडलाच नाही. त्यांचं माहेर नाशिकला. दर दिवाळीला भाऊबीजेला जाताना एक डिस्क न्यायची, तिथे लावून फोटो उघडतात का बघायचं, नवे भरायचे आणि आईच्या कपाटात ठेवून यायची. ओवाळणीच्या ताटाबरोबर एवढं ओझं काही जास्त नाही.