हंसाची मादी किती अंडी घालते?

कोंबडीवरून हंसाचा हिशेब करू नका. लेअर कोंबडी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. हंसाची मादी मात्र ठरावीक मोसमातच अंडी घालते. त्यामुळे अंडी विकण्याच्या बेताने हंस घेणाऱ्याचे पैसे अडकतात. पिल्ले, मांस व राखण यांसाठी घेणाऱ्यानेही आधी जात पारखावी.

पाळीव हंसांची मुख्य कुळे दोन. टूलूझ व एम्डेन या युरोपीय जाती करड्या रानहंसापासून झाल्या. त्या अंगाने भारी असून मोसमात साधारण 20 ते 35 अंडी देतात. चोचीच्या मुळाशी गाठ असलेला चिनी हंस आशियातील दुसऱ्या रानहंसापासून झाला. तो हलका असतो. त्याची मादी 40 ते 60 अंडी घालते, पण खुडूक क्वचितच होते. काश्मीरची अंझ ही आपल्या देशात अधिकृत नोंद झालेली जात; तिची अंडी थोडीच.

आपल्या डभोई तालुक्यातील वढवाणा तलावावर हिवाळ्यात डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले रानहंस उतरतात. ते इथे अंडी घालत नाहीत. त्यांची घरटी मध्य आशियातील उंच पठारांवर असतात. त्यांना पकडणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

आता निगा. मादी बहुधा सकाळी, एक दिवसाआड अंडे घालते व ते काडीकचऱ्याखाली झाकते. म्हणून अंडे दिसले नाही तरी घरटे उसकटू नये. अंडी रोज उचलून एखादे खोटे अंडे ठेवल्यास ती अधिक काळ घालत राहते. सगळी तशीच ठेवली तर लवकर खुडूक बसते. पहिल्या वर्षाची अंडी लहान असतात व त्यांतून पिल्ले कमी निघतात. दुसऱ्या वर्षापासून उत्पन्न सुधारते. म्हणून एका मोसमावरून मादी विकून टाकू नका.

अंडी उबायला 28 ते 31 दिवस लागतात. खुडूक कोंबडीखाली चार-पाचच ठेवावीत. तिला ती जड अंडी फिरवता येत नाहीत, म्हणून रोज आपल्या हाताने फिरवावीत. भारी जातींना जोडी लागण्यासाठी पोहण्याइतके पाणी हवे.

आरोग्याची एक गोष्ट. हंस व बदक ओल्या, घाण जागी अंडी घालतात. त्यांतून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. अंडे निदान 15 मिनिटे उकळावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले अंडे मुलांना, गरोदर स्त्रियांना व म्हाताऱ्यांना देऊ नये.

हंसाचा आवाज मोठा. घडियाळी पोळसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांची झोप मोडेल. ज्यांचे शेत व पाणी आहे त्यांनीच पाळावेत. आणि प्रत्येक मादीची अंडी वहीत मांडावीत, म्हणजे पुढच्या वर्षी कोणती ठेवायची ते वहीच सांगेल.