आपोआप उघडणारे सात दरवाजे

पावसाळ्यात कोल्हापूरकडच्या बातम्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "राधानगरीचा दरवाजा उघडला!" कोणी उघडला? कोणीच नाही! जलाशय काठोकाठ भरला, की पाण्याच्या दाबाने धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात. पातळी उतरली, की आपोआप मिटतात. वीज नको, बटण दाबायला माणूस नको. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. करा गुणाकार! आमच्या वर्गाने केला, तेव्हा सगळी एकदम ओरडली, "बाई, एका सेकंदात?"

हे पाणी भोगावतीतून पंचगंगेत जातं. म्हणून दरवाजा उघडला, की नदीकाठची माणसं गोठ्यातली जनावरं हलवायच्या तयारीला लागतात. २०१९ आणि २०२१ चे महापूर त्यांनी पाहिले आहेत.

राजर्षी शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं. गावाला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. जलाशय महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावाचा. १९२२ साली महाराज गेले तेव्हा काम अपुरंच होतं. ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

आता जलाशयाभोवतीचं जंगल पाहा. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९८५ साली ते वाढवलं, तेच आजचं ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य. हे जंगलही धरणाचाच एक भाग आहे, असं मला वाटतं. धो धो पाऊस आधी पानांवर पडतो, मग पालापाचोळ्यात मुरतो. मुळं माती धरून ठेवतात. झाडं गेली, तर तीच माती वाहून तलावात बसेल आणि पाण्याची जागा गाळ घेईल.

गवा मात्र नकाशावरची हद्द जाणत नाही! काळाभोर, धिप्पाड, पायांत जणू पांढरे मोजे घातलेला हा प्राणी रात्री शेतात उतरतो. शेतकरी डबे वाजवत राखण करतात. गव्याचं कौतुक आपण पाहुण्यांनी करायचं आणि पीक त्यांचं जायचं! नुकसानभरपाई असते, पण त्यासाठी पंचनामा, कागदपत्रं, हेलपाटे.

कोल्हापूरहून राधानगरी पन्नासएक किलोमीटर. दरवाजे पाहायचे तर पावसाळ्यात, लांबूनच! जंगल तेव्हा बंद असतं. ते पाहायला हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात या. शेकरूचं घरटं उंच फांदीवर असतं, तेव्हा मान वर ठेवा आणि आवाज खाली.